चौघांत एक फोटो

अन्याय झाला तो कुवेतमधल्या हवल्ली भागातल्या एका फोटोग्राफरवर. कधी झाला, तेही नीट सांगतो. २ ऑगस्ट १९९० ला कुवेतमध्ये इराकी रणगाडे शिरले, त्या दिवशी तो सगळ्यांवरच झाला. ती तारीख इथे धरू नका. यांच्यावर झाला तो १९९१ च्या जूनमध्ये, दुसऱ्या रविवारी, दुपारी चारच्या सुमारास, ठाण्यातल्या एका हॉलमध्ये. करणारे सैनिक नव्हते. आपण होतो. कुवेतहून सुखरूप परत आलेले, चहा पीत बसलेले मराठी लोक.

त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. सगळे चाचा म्हणत. त्यांच्यासमोर बसला असाल तर नावावाचून ओळखाल. कॅमेऱ्यामागून डोकं बाहेर काढायचे, दोन बोटांत स्वतःचा उजवा कान धरायचे आणि म्हणायचे, "इथं बघा, माज्या कानाकडे. भिंगात बघितलं की माणूस चोर दिसतो." आपण कानाकडे बघायचो, जरा हसू यायचं, तेवढ्यात खट्. "झाला. उठा. पुढचा कोण?"

चाचा रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावचे. कुवेतमध्ये बावीस वर्षं. दुकान एका कुवेती मालकाचं, शिंपी आणि ज्यूसवाला यांच्या मधलं. कॅमेरे, अंधारखोली आणि अक्कल चाचांची. मी ८९ साली एका हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन म्हणून गेलो आणि इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, त्याच्या फोटोसाठी त्यांच्यापुढे बसलो. पुण्यात मोर्चे काढून, पत्रकं वाटून गेलेला माणूस मी. बसल्या बसल्या कामाचे तास, मालकाच्या तिजोरीत अडकलेले पासपोर्ट, सगळ्यावर बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पुढाऱ्या, आता तोंड मिट. इकाम्याच्या फोटोत दात चालत नाय."

तेव्हापासून मी पुढारी.

त्यांच्याकडे तीन कॅमेरे होते. एक चार भिंगांचा, मिनिटात चार पासपोर्ट फोटो काढून हातात देणारा. त्याला ते 'नोकर' म्हणायचे. "सांगितलं तेवढं करतो, डोकं नाय." दुसरा जपानी, लग्ना-बारशांना गळ्यात घालायचा. तिसरा दोन डोळ्यांचा जुना पेटी कॅमेरा, वरून वाकून बघायचा. तो त्यांच्या उस्तादांचा, म्हणून शोकेसमध्ये. यांशिवाय कपाटात, मखमली पिशवीत, एक कोरी लेन्स होती. सप्टेंबरात गावी मुलीचा निकाह ठरला होता, त्यासाठी घेतलेली. तिच्यावर एकही फोटो काढलेला नव्हता. दुकानात कुणी नसलं की पिशवी सोडायचे, काचेवर फुंकर मारायचे आणि परत बांधायचे. "दुसऱ्यांच्या लेकी हजार काढल्या," म्हणायचे. "ही माजी."

मग ऑगस्ट आला. मालक लोक उन्हाळ्यासाठी परदेशी गेलेले, ते तिकडेच राहिले. त्यांच्या तिजोऱ्यांत आपले पासपोर्ट. बसने इराकमार्गे अम्मानला जायचं आणि तिथून विमानाने मुंबईला, तर प्रवासाचा तात्पुरता दाखला हवा. दाखल्याला दोन फोटो हवेत. हवल्लीत उघडं राहिलेलं फोटोचं दुकान आम्हाला तरी हे एकच माहीत होतं.

नोकराची फिल्म चार दिवसांत संपली. जपान्याचे रोल आठवड्यात. मग चाचांनी शोकेस उघडली आणि उस्तादांचा पेटी कॅमेरा बाहेर काढला. त्याच्या एका रोलवर बाराच फोटो निघतात. रोल होते मोजके आणि रांग ज्यूसवाल्याच्या पुढे वळून गेलेली.

तेव्हा त्यांनी जे केलं ते मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलेलं नाही. समोरचं स्टूल काढून त्यांनी बाकडं ठेवलं आणि चार-चार जणांना एकत्र बसवायला लागले. "खांदे चिकटवा, डोकी लांब ठेवा!" एका फोटोत चौघे. मग छापून कात्रीने चार डोकी वेगळी करायची. त्यामुळे आपल्यातल्या प्रत्येकाच्या दाखल्यावर शेजाऱ्याचा थोडा खांदा आहे. माझ्या फोटोच्या कडेला पांढरा कडक गणवेश दिसतो, तो आमच्या वॉर्डातल्या मिरजेच्या सिस्टरांचा. त्या कुरकुरल्या, "चाचा, घरी विचारतील हो, हा चौकड्याचा शर्ट कुणाचा?"

"सांगा भावाचा हाय. पुढारी हाय, पण भाऊ हाय."

आमच्याच हॉस्पिटलातले एक मोठे डॉक्टर बाकड्यावर बसेनात. शेजारी ड्रायव्हर होता. "माझा वेगळा काढा," म्हणाले.

"वेगळा रोल आणा साहेब, वेगळा काढतो."

डॉक्टर बसले. कानाकडे बघा म्हटल्यावर कानाकडेही बघितलं.

फोटो धुवायची रसायनं संपली तेव्हा मी हॉस्पिटलातून एक्स-रेचं डेव्हलपर पाण्याच्या बाटल्यांतून आणायला लागलो. त्यात चेहरे फार काळे-पांढरे यायचे, डोळे खोल. चाचा ओला कागद उजेडात धरून म्हणाले, "तुज्या दवाखान्यातलं पाणी रे. सगळे पेशंट दिसतात." मग तो दोरीवर टांगत, "आता हायतच म्हणा."

सप्टेंबरातल्या निकाहाच्या दिवशीही दुकान उघडं होतं. दुपारी ते रांगेला "दहा मिनिटं" म्हणाले, हातांचा रसायनाचा वास साबणाने घासून काढला आणि अंधारखोलीत जाऊन नमाज पढले. बाहेर आले, घड्याळाकडे बघितलं. "आत्ता झाला असंल," म्हणाले. "चला, पुढचे चार."

आता तो भाग, ज्याच्यावरून सगळं झालं. तो मी लपवणार नाही. छापायचा कागद संपला होता. त्याच सकाळी एक इराकी अधिकारी दोन शिपाई घेऊन आत आला. नव्या हुकमतीची ओळखपत्रं करायची होती, त्यांना फोटो हवे होते. कर, नाहीतर कॅमेरा घेऊन जातो, असा सरळ व्यवहार. चाचा मोडक्या अरबीत म्हणाले, कागद नाही, रोल नाही. आणून द्या, काढतो. दुपारी फोडलेली खोकी आली. कुठलं तरी दुकान लुटलेलं होतं, ते दिसत होतं. त्यानंतर तीन दिवस सकाळी त्यांचे फोटो आणि दुपारी आपले. त्याच खोक्यांतला कागद, तेच रोल.

मी ओरडलो. ते शब्द आजही मला पचत नाहीत. "चाचा, ही शत्रूची चाकरी आहे!"

त्यांनी मान वर केली नाही. "पुढाऱ्या, बाहेर किती उभे हायत ते मोजून ये. मग बोल."

मी बाहेर गेलो. मोजायला लागलो, कडेवरच्या पोरांपाशी घोळ झाला. परत आलो आणि बाटली उघडून डेव्हलपर ओतायला लागलो.

एक चूक मात्र झाली. बावीस वर्षांच्या हाताची चूक. चाचा प्रत्येक फोटोच्या पाठीवर दुकानाचा शिक्का मारायचे, तारखेसकट. बघायचेही नाहीत, डाव्या हाताने फोटो उलटा, उजव्याने शिक्का. त्या तीन दिवसांतल्या सकाळच्या फोटोंवरही तो बसला. भानगड ओळखून असलेला माणूस असता तर शिक्का खणात टाकला असता. यांना कामाला शिक्का मारायचा नाही, हे सुचलंच नाही.

तिसऱ्या दिवशी जाताना त्या अधिकाऱ्याला कपाटातली मखमली पिशवी दिसली. त्याने ती खिशात घातली. चाचांनी दुपारची चार माणसं बाकड्यावर बसवली आणि कान धरला.

सप्टेंबर संपता संपता मी निघालो. "चला ना," म्हटलं. "रांग संपली की येतो." रांग संपायला ऑक्टोबर सरला. मुंबईत उतरले तेव्हा त्यांच्याजवळ फक्त उस्तादांचा पेटी कॅमेरा होता.

फेब्रुवारीत कुवेत सुटलं. माणसं परत बोलावली जाऊ लागली. दुकानाचा मालकही कैरोहून परतला. भला माणूस. त्याने निरोप पाठवला: तुझ्याविरुद्ध तक्रार आहे. शत्रूच्या ओळखपत्रांवर आपल्या दुकानाचा शिक्का सापडलाय. तू त्याच दिवसांत तुझ्या लोकांचेही फोटो काढत होतास, असं सहीनिशी लिहून देणारी माणसं आण. मग मी व्हिसाला हात घालतो. नाहीतर इथलं दार बंद.

म्हणून ठाण्याचा तो रविवार. मी दोन ओळींचा कागद वाचला. चाचा मागच्या खुर्चीवर बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून.

डॉक्टर पहिल्यांदा बोलले. "हे बघ, तळमळ समजते तुझी. पण मलाही परत जायचंय. उद्या हाच कागद माझ्यासमोर आला तर?"

कुणी तरी म्हणालं, "आणि ओळखपत्रांचे फोटो काढले, हे तर खरंच ना?"

"तुमचे फोटो छापले तो कागद कुठून आला होता, तेव्हा विचारलंत का?" सिस्टर उभ्या राहून म्हणाल्या. त्यांनी सही केली. माझी होतीच. बाकीच्यांना त्याच वेळी गाडी गाठायची होती, मुलाला क्लासहून आणायचं होतं.

चाचांनी कप खुर्चीखाली सरकवला. "चहा चांगला होता," म्हणाले आणि रत्नागिरीची एसटी पकडायला निघून गेले.

त्यानंतर चार महिने मी दारं चढतोय. दमलो आहे, हे कबूल करतो. डोंबिवलीत एकांनी दाराची साखळीही काढली नाही. पुण्यात एका घरी मुलीने इंग्रजीत सांगितलं, पप्पा घरी नाहीत. पप्पांच्या चपला समोर होत्या. मालकाने वर्षअखेरपर्यंत थांबतो म्हटलंय. त्यानंतर तो दुसरा माणूस ठेवणार.

गेल्या महिन्यात गावी जाऊन आलो. चाचा भावाच्या बर्फाच्या गाडीवर बसतात, जेटीवर. मुलीला मुलगा झालाय. ती म्हणाली, "अब्बा, याचा एक तरी काढा." चाचा आभाळाकडे बघून म्हणाले, "लाइट नाय." भर दुपार होती, डोळे दिपत होते. बर्फाचा भुसा झटकत ते उठले आणि मला म्हणाले, "तू आता फिरू नको रे. लोकांची पण पोटं हायत."

त्यांनी माफ केलं असेल. मी केलेलं नाही, कारण त्यांच्यावर पहिला आरोप मीच केला होता आणि तो माझ्याच तोंडून खोडायचा आहे. पण दोन सह्यांनी तो खोडला जात नाही. ज्या कागदासाठी हा माणूस शत्रूचा ठरतोय, त्या कागदावर तुमचा चेहरा छापलेला आहे. तो दाखवून तुम्ही बसमध्ये चढलात, विमानात बसलात, घरी येऊन पोरांना जवळ घेतलंत.

तर आता एवढं लिहून वर्ष संपायच्या आत माझ्याकडे पाठवा, मी मालकाला पोचवतो. कोऱ्या कागदावर लिहा: "१९९० च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये हवल्लीत यांनी माझा फोटो काढला. त्या फोटोवर मी घरी आलो." खाली सही करा आणि सहीखाली पूर्ण नाव लिहा. आद्याक्षरं चालणार नाहीत.