गालगुच्चा

‘कौटुंबिक जीवन शिक्षण’ शिकवायला कोण तयार आहे, असं मुख्याध्यापिका सिस्टरांनी स्टाफरूममध्ये विचारलं तेव्हा मी चहा पीत होते. बाकीच्यांनी पटापट वह्या तपासायला घेतल्या. माझ्या हातात कप होता, म्हणून विषय माझ्या गळ्यात पडला.

राहात्याजवळची आमची मिशनची प्राथमिक शाळा. नाव कॅथलिक, पण वर्गात कॅथलिक मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी; मी स्वतः तिथलीच, मिशनमध्येच वाढलेली. बाकी सगळी आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची, शिर्डीत फुलं-प्रसाद विकणाऱ्यांची, हॉटेलात कामाला जाणाऱ्यांची. पालकसभेत मी विषयाचं नाव उच्चारलं तेव्हा मागच्या रांगेतल्या बाप्यांनी माना खाली घातल्या. एक आई घाबरून म्हणाली, “टीचर, तसलं काही शिकवू नका हो, लहान आहेत.” मी सांगितलं की घरात एकमेकांशी कसं वागावं, आपलं शरीर आपलं कसं असतं, एवढंच आहे. मग एका वडिलांनी खरा प्रश्न विचारला: “याला मार्क हायती का?” नाहीत म्हटल्यावर सभा संपली.

शुक्रवारी शेवटचा तास. तिसरीचा वर्ग, घंटेकडे कान लावून बसलेला. मी शिकवलं ते अगदी साधं होतं. कोणी हात लावला आणि आवडलं नाही, तर ‘मला आवडत नाही’ असं मोठ्याने म्हणायचं, एक पाऊल मागे जायचं आणि घरी नाहीतर टीचरला सांगायचं. मोठी माणसं असली तरी? असली तरी. ओळखीची असली तरी? असली तरी. आम्ही ते आलटून पालटून, ओरडून ओरडून केलं. शेजारच्या वर्गातून निरोप आला की पाढे ऐकू येत नाहीत.

पुढचे पंधरा दिवस मी फोन घेऊन घेऊन वैतागले. एक पोरगा न्हाव्याच्या खुर्चीवरून ‘मला आवडत नाही’ म्हणत पळाला. एका मुलीने आईला डोक्याला तेल लावू दिलं नाही. एकाने तर मी गृहपाठाची वही पुढे सरकवली तेव्हा मलाच ते वाक्य ऐकवलं. करायला गेले गणपती, झाला मारुती. मी पुन्हा तास घेऊन तेल, न्हावी, इंजेक्शन आणि गृहपाठ वगळले. गालगुच्चा वगळायचं मला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी मी वगळला नसता.

आमच्या शाळेला एक आजोबा आहेत. कोणाचे सख्खे नाहीत, सगळ्यांचेच. त्यांची पेरूची बाग आहे. नाताळच्या कार्यक्रमाला आणि सव्वीस जानेवारीला ते पेरूची क्रेटं घेऊन येतात, मुलांना रांगेत उभं करतात आणि प्रत्येकाचा गालगुच्चा घेऊन हातावर पेरू ठेवतात. मुलींच्या स्वच्छतागृहाचं बांधकाम त्यांनीच करून दिलं. माणूस देवमाणूस. पण बोटं शेतकऱ्याची, आणि गुच्चा असा की गाल संध्याकाळपर्यंत आठवण ठेवतो.

त्या नाताळला ते स्टेजवरच पेरू वाटायला उभे राहिले. माझ्या वर्गातली एक मुलगी पुढे गेली. आई-वडील पहाटेच शिर्डीला फुलांच्या दुकानावर जातात, हिला आजीच वाढवते. वर्गात तोंडातून शब्द काढायला दहादा विनवावं लागतं अशी पोर. आजोबांचा हात गालाकडे आला, तशी ती एक पाऊल मागे सरली आणि शुक्रवारच्या तासाला सगळ्यांबरोबर ओरडायची तशी ओरडली, “मला आवडत नाही!” माईक चालू होता. शेवटच्या रांगेतल्या आयांनीही ऐकलं.

आजोबा गडबडले, हसले, पेरू तिच्या हातात दिला आणि पुढच्या मुलाकडे वळले. त्यांच्यापुरतं ते तिथेच संपलं होतं. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण इतरांना त्यांच्या वतीने अपमान वाटून घ्यायचा होता, आणि ते काम आपल्याकडे मन लावून केलं जातं.

“चोर सोडून संन्याशाला फाशी,” शेजारच्या वर्गाच्या पाढेवाल्या बाई स्टाफरूममध्ये म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्या मुलीची आजीच शाळेत आली.

“टीचर, पोरगी साळंत घातली ती चार चांगल्या गोष्टी शिकाया. मोठ्या मान्साला तोंडावर न्हाई म्हनायचं, ही कंची शिकवन हाय?”

“आजी, ती त्यांना वाईट म्हणालीच नाही. गुच्चा आवडत नाही, एवढंच म्हणाली.”

“आवडत न्हाई म्हंजी? गाल हाय. दुखला तर दुखला. आमचं काय कमी वढलं का लोकांनी?”

मी कपाळाला हात लावला. आजी सिस्टरांच्या खोलीत गेली आणि बाहेर आली तेव्हा ठरलं होतं की मुलीने सोमवारी प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर माफी मागायची.

मी सिस्टरांकडे धावले. सिस्टर वाईट बाई नाहीत, विषय सुरू केला तोही त्यांनीच. म्हणाल्या, “टीचर, एका वाक्याची माफी आहे. विषय संपून जाईल.”

“संपेलच, सिस्टर. शुक्रवारच्या शेवटच्या तासाचा.”

“तुम्ही ताणताय. ते किती चांगले गृहस्थ आहेत, तुम्हालाही माहीत आहे.”

“म्हणूनच तर. चांगल्या माणसासमोर ‘नको’ म्हटल्याची शिक्षा झाली, तर वाईट माणसासमोर ही पोर तोंड उघडेल का? तिथे माईकही नसेल आणि आपणही नसू.”

सिस्टरांनी समोरची फाईल मिटली. मला वाटलं, पटलं. मग त्या म्हणाल्या, “पालकांचीच इच्छा आहे. आपण पालकांच्या विरुद्ध कसं जाणार?” वा! कौटुंबिक जीवन शिक्षण. मी म्हटलं, तिच्याऐवजी मी माफी मागते, शिकवलं मी आहे. तर म्हणाल्या, “तुम्ही कुठे काही बोललात?”

सोमवारी तिने माफी मागितली. वाक्य आजीने पाठ करून घेतलं होतं: “मी आजोबांशी उद्धटपणे बोलले. मी पुन्हा असं बोलणार नाही.” ज्यांची माफी मागायची ते आजोबा पुण्याला लेकीकडे गेले होते, त्यांना यातलं काही ठाऊकच नव्हतं. माईकवर कोणी काही बोललं की टाळ्या वाजवायच्या, अशी आमच्या मुलांना सवय आहे, त्यामुळे टाळ्याही वाजल्या. मी शेजारी उभी राहून दात आवळत होते. कुणावर ओरडू? आपलेच दात, आपलेच ओठ.

त्यानंतरचे शुक्रवार मी रेटले. मुलं आधीसारखीच ओरडायची, ही मात्र ओठ हलवायची. आवाज यायचा नाही. ती शिक्षा नव्हती, बाळा, तुझं चुकलं नव्हतं, असं मी तिला बाजूला घेऊन सांगितलं. तिने मान डोलावली. मोठ्यांना बरं वाटावं म्हणून मुलं डोलावतात तशी.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं आणि पेरूची क्रेटं उतरली. मुलं रांगेत उभी राहिली, पालकांमध्ये त्या मुलीची आजीही होती. आजोबा या वेळी वेगळेच वागत होते. प्रत्येकासमोर दोन्ही हातांनी पेरू धरायचे, “घ्या” म्हणायचे, आणि मूल हसलं की आपणही हसायचे. गुच्चा नाही. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. नाताळलाच त्यांना जे कळायचं ते कळलं होतं. सबंध शाळेत माझा धडा शिकलेला मोठा माणूस तेवढा एकच.

तिची पाळी आली. आजोबांनी पेरू पुढे केला. तिने तो घेतला नाही. डोळे गच्च मिटले, मान वर केली आणि गाल पुढे केला.

आजोबांचा हात तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी पेरू हळूच तिच्या ओंजळीत ठेवला आणि ते एक पाऊल मागे सरले. ती तरीही तशीच उभी, गाल पुढे करून, कारण ‘झालं’ असं तिला कोणी सांगितलं नव्हतं. मागची मुलं ढकलायला लागली तेव्हा मी पुढे होऊन म्हटलं, “झालं गं, ये.”

तिने डोळे उघडले. “टीचर, आता बरोबर केलं ना?”

“नाही,” मी म्हणाले. “नाताळला केलंस तेच बरोबर होतं.” हे मी मुद्दाम मोठ्याने म्हणाले. सिस्टरांनी ऐकलं, आजीनेही ऐकलं.

मग पेरू छातीशी धरून ती आजीकडे गेली आणि तोच प्रश्न तिला विचारला.