निराधारांची इस्टेट

पनवेलच्या तहसील कचेरीसमोर टायपिंगचं टेबल टाकलं की किस्से शोधायला जावं लागत नाही, तेच पत्ता विचारत येतात! माझ्याकडचे निम्मे एकाच भीतीचे. निराधार पेन्शन काय, पिवळं रेशन कार्ड काय, दोन्ही कमी उत्पन्नावर मिळतं. त्यामुळे कुणी मागे काही ठेवून गेलं की लोकांना आनंद व्हायच्या आधी घामच फुटतो.

*

नेऱ्याचे एक आजोबा. चुलत्यामागे वाट्याला काय आलं, तर आंब्याचं एक झाड! पेन्शन जाईल म्हणून आजोबा धावत माझ्याकडे.

"ताई, लिवा. झाड माजं हाय, पन आंबं माजं नाय!"

"मग कोणाचे?"

"माकडांचं! साहेबांनी येऊन बगावं!"

*

रोडपालीच्या काकूंना मावशीच्या सोन्याच्या पाटल्या मिळाल्या. काढवेनात, आणि कार्ड जायची धास्ती. बाई दोन्ही हातांना फडकं गुंडाळून रेशनला जायच्या! दुकानदार बिचारा कळवळला. "काकू, हात भाजले की काय?"

"हो ना, मावशीकडे!"

त्या दिवसापासून तो त्यांना रांगेत पुढे घेतो.

*

माझ्या शेजारी स्टॅम्प व्हेंडर सलीमभाई बसतात. एकदा वडिलांमागे वारसनोंदीला आलेल्या एका गृहस्थांचा चेहरा अगदी पडलेला. सलीमभाईंनी विचारलं, "वालिदसाहेबांनी काय ठेवलं मागे?"

"कोर्टातली केस!"

"मुबारक हो! पेन्शन एकदम सेफ!"

*

हिराबाईच्या वेळी मात्र मामला गंभीर होता. विधवा बाई, निराधार पेन्शनवर औषधपाणी चालतं. वडील वारले, आणि त्यांच्या पडीक जमिनीत हिचाही हिस्सा. धाकटा भाऊ धनाजी तिला रिक्षाने घेऊन आला. वाटेत उसाचा रसही पाजला म्हणे! त्याला तिच्याकडून हक्कसोड हवी होती, म्हणजे बहिणीने आपला हिस्सा भावाला सोडून द्यायचा. मी कागदाची प्रिंट काढली आणि सही घेण्याआधी विचारलं, "मावशी, मनापासून सोडताय ना?"

"सोडाचा नाय गो बाय! पन धनाजी म्हनतो, सातबाऱ्यावर नाव लागला का पेन्शन बंद. मंग औषदा कशी घेव?"

माझं टाळकंच सटकलं! म्हटलं, "अहो, नुसतं नाव लागून पेन्शन बंद होत नाही. वर्षाचं उत्पन्न बघतात. पडीक जमिनीचं कसलं आलंय उत्पन्न? उद्या विकलीत, पैसा आला, तर कळवावं लागेल. मग पेन्शन जाईलही. पण तेव्हा तुम्हाला तिची गरज राहील का?"

तरी खात्री नको? तिला हाताला धरून आत नेलं. निराधार विभागाच्या क्लार्कनेही तेच सांगितलं. हुश्श! बाहेर येऊन हिराबाई माझ्या खुर्चीत मटकन बसली, पदराने डोळे पुसले आणि हसली. इतकं बरं वाटलं मला, काय सांगू!

धनाजी मात्र हेका सोडायला तयार नाही. बहिणीला म्हणतो, "पन ताय, रिस्क कशाला? जमिनीचा काय घेऊन बसलीस? पेन्शन कशी, दर महिन्याला घरबसल्या!"

ते ऐकून मी कागद फाडायला घेतला. हिराबाईने माझा हात धरला.

"फाडू नको गो बाय. नावा तेवडी उलटी कर. हिस्सा धनाजी सोडंल, आनि पेन्शन त्यालाच लाव!"