काकांचा फॅनबेल्ट आणि माझा घसा

जुन्या गाडीचा फॅनबेल्ट, डायनामोची पुली असलं वाचून तुम्ही पाना-पक्कड घेऊन बसला असाल तर ती खाली ठेवा. दुरुस्तीतलं मला काय बी येत न्हाय. बिघाड कसा करायचा तेवढं सांगतो, आन् तो बी बॉनेटला हात न लावता, मागच्या सीटवर शेंगा खात बसून.

गाडी माझ्या काकांची. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची, काळी, गोल टपाची. काका साखर कारखान्यातनं रिटायर झाले आन् तवापासनं रोज सकाळी दोन तास त्या गाडीखाली आसत्यात. काकूला ती डोळ्यासमोर नको. तिचं बी चुकीचं न्हाय म्हणा. लग्नाला निघालं की साडीला ग्रीस लागणार, आन् निम्म्या वाटंत उतरून ढकलायचं. पाहुण्यांत आमची ओळखच ‘ढकलत येणारी माणसं’ अशी झालती.

तशात कागलच्या बाजूला हायवेवर हॉटेल असलेल्या एकानं गाडी मागितली. चालवायला न्हाय, दारात उभी करायला, म्हंजे लोक थांबून फोटो काढतील. चाकं काढून विटांवर ठेवतो म्हणाला. काका दोन दिवस नीट जेवले न्हाईत. काकूनं त्याचा नंबर सेव्ह केला आन् अट घातली: रविवारी मला कुरुंदवाडला माहेरी न्यायचं आन् परत आणायचं. वाटंत एकदा जरी बंद पडली, तर रस्त्यावरनंच त्याला फोन करीन.

त्या वक्ताला गाडीला एकच आजार होता. जोर दिला की पुढनं ‘च्यींऽऽ’ करून वराडायची आन् डॅशवरचा लाल दिवा लागायचा. म्हणून काका आन् मी उद्यमनगरात मिस्त्रीकडं गेलतो. मिस्त्रीनं बेल्टवरनं बोट फिरवलं. बेल्ट काचंगत गुळगुळीत झालता, पुलीवर घसरत होता. मग त्यानं डावा डोळा मिटून पुल्यांपुढं एक दोरा ताणून धरला आन् दाखवलं, की डायनामोची पुली बाकीच्यांच्या रेषेत न्हाय, जरा आत हाय. तिच्यामागं वायसर घालून ती बाहेर घेतली, नवा बेल्ट चढवला आन् काकांचा अंगठा धरून त्यावर दाबला. अर्धा इंच खाली गेला पायजे, म्हणाला.

“ह्याच्या वर आवळू नका. डायनामोची बेरिंग म्हातारी हाय. ताण दिला तर जाम हुईल.”

काकांनी मान हलवली. मी बी हलवली, मिस्त्रीगत डावा डोळा मिटून. मिस्त्री हसला न्हाय.

आता माझी खोड सांगतो. कुठला बी आवाज दोनदा ऐकला की तिसऱ्यांदा तो माझ्या घशातनं येतो. शाळेत हेडसरांच्या आवाजात खिडकीबाहेरनं मी दोन वर्ग सोडून दिलते. घरात काकू कुकरच्या शिट्ट्या मोजून गॅस बंद करती. मधी दोन शिट्ट्या मी घातल्या, आन् त्या दिवशी सगळ्यांनी कच्ची डाळ खाल्ली. तवा त्या बेल्टचं वराडणं आठवडाभर ऐकून मी गप बसणं शक्यच नव्हतं. खालचा ओठ दातावर दाबायचा आन् हवा आत वडायची. तोंड हललेलं दिसत बी न्हाय.

रविवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून स्टेअरिंगवर, शेजारी काकू मांडीवर फोन घेऊन, मागं मी. हातकणंगल्यापर्यंत गाडी अशी गुमान चालली की काका गुणगुणायला लागले. मला ती शांतता सोसंना. स्पीडब्रेकर ओलांडून काकांनी जोर दिला, त्याच टायमिंगला मी दिला: ‘च्यींऽऽ’.

काकांचं गुणगुणणं बंद. लघवीला थांबतो, तवर इंजिनाला वारा लागू दे म्हणाले आन् बॉनेट उघडून बसले. मी बी उतरलो. अंगठ्यानं दाबून बघितलं तर बेल्ट बरोबर अर्धा इंच खाली गेला. मग वराडला कसा, असं त्यांनी मला हळूच विचारलं. मी म्हटलं, नवा हाय, ताणून सैल पडला असंल. काकांनी बोल्ट सैल केला, टॉमीची कांब घालून डायनामो जरा बाहेर रेटला, बेल्ट ताणला आन् बोल्ट परत आवळला.

जयसिंगपुरात परत ‘च्यींऽऽ’. काका चहाला थांबले, चहा मात्र एकट्या काकूनं पिला. शिरोळच्या अलीकडं तिसऱ्यांदा. परत लघवी.

“आवो, तुम्हाला शुगर झाली का काय?” काकूनं खिडकीतनं विचारलं.

तिसऱ्या खेपंला बेल्ट तारंगत झालता. अंगठा दाबला तर हलंना. मी बोटानं छेडला तर टणकन वाजला. तवाच सांगायला पायजे होतं. पण काका घाम पुसत बॉनेट लावत होते, आन् मला हसू आवरायला शेंगांची पिशवी तोंडावर धरायला लागलेली.

शिरोळ सोडलं आन् पुढनं पिठाची गिरणी फिरल्यागत घरघर यायला लागली. मी गप होतो. मग ‘च्यींऽऽ’ झालं, आन् तवा बी मी गपच होतो. लाल दिवा लागला, जळक्या रबराचा वास आला. काकांनी गाडी उसाच्या कडंला घेतली. डायनामोला हात लावता येईना, पुली जाम झालती, बेल्ट धुरकटला होता. तोच बेल्ट पंखा आन् पाण्याचा पंप फिरवतो, म्हंजे पुढं जायचा विषयच संपला.

काका बंपरवर बसले. काकूनं फोन काढला. मला वाटलं काका भांडतील.

“कर फोन,” एवढंच म्हणाले. “शब्द दिलता मी.”

रिंग जायला लागली.

“काकू, ठेव फोन. गाडीनं काय केलं न्हाय. मी केलंय.”

“तुला गाडीतलं काय कळतंय रं?”

सांगून पटणार नव्हतं. मी तिथंच, बंद गाडीशेजारी उभा राहून आवाज काढला. बांधावरच्या म्हशीनं मान वर केली. आन् काका, इंजिन बंद असताना, टॉमी घेऊन बॉनेटमध्ये वाकले. काकूनं त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. फोनमधनं हॉटेलवाला हॅलो हॅलो करत होता.

“राँग नंबर,” म्हणाली आन् कट केला.

काकूच्या भावानं ट्रॅक्टर आणला आन् गाडी दोरीनं बांधून कुरुंदवाडला नेली. पंगतीला बसल्यावर काकूनं सुरू केलं, सगळ्या माहेरच्यांसमोर. पुढ्यातला रस्सा गार झाला तरी थांबंना.

“गुमान चाललेली गाडी. नवी साडी नेसून बसले होते, एक डाग लागला न्हाय. त्या बिचारीला वाटंत तीनदा छळलंस. ह्यांच्या डोळ्यात पाणी आलं तवा कुठं तुझं तोंड उघडलं. ती कुठं जाणार न्हाय. नीट करायची, आन् होईपर्यंत मला बाजाराला तू न्यायचंस. आन् आता काकांची माफी माग. हेडसरांच्या आवाजात नको, मिस्त्रीच्या नको. तुझ्या सोत्ताच्या आवाजात माग. एवढा मोठा झालास, त्यो कसला हाय ते अजून घरात कुणाला म्हाईत न्हाय.”