तांबूरचा उजवा कान

गिलेन एका जागी बसलीय, असं बंदुका घडवणाऱ्या हेर्स्ताल गावात कुणी पाहिलं नव्हतं. बंदुकांवर नक्षी कोरणारे बरेचजण बसून काम करतात. ही बापाकडून शिकली ती उभ्यानं. बंदुकीची पोलादी पट्टी शेगड्याच्या पकडीत आवळायची, एका हातात छिन्नी, दुसऱ्यात हातोडी, आणि शेगड्याभोवती फिरत राहायचं. चाळीस वर्षं हेच. जेवतानाही दोनदा उठायची.

त्या ऑक्टोबरातल्या दुपारी मात्र ती नुसतीच फेऱ्या घालत होती.

आर्देनच्या जंगलातला वनरक्षक सेर्वे निवृत्त झाला, तेव्हा सोबत्यांनी त्याला दुनळी बंदूक करून द्यायचं ठरवलं. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर त्याचा मेलेला शिकारी कुत्रा, तांबूर, सोन्यात हवा होता. रानडुकरानं त्याचा डावा कान फाडलेला. गिलेननं डाव्या पट्टीवर तो फाटका कान हुबेहूब उतरवला. मग त्या भागातले सगळे करतात तेच केलं: कोरलेल्या रेघांत काजळी भरून कागदावर छाप उचलला. छाप उलटा येतो, आणि दुसऱ्या बाजूसाठी उलटाच लागतो. तो समोर ठेवून तिनं उजवी पट्टी कोरली, खाचेत सोनं ठोकून बसवलं. पट्ट्या भट्टीत जाऊन काचेसारख्या कडक झाल्या. आज पट्ट्या बंदुकीला बसवून शेवटचा हात फिरवताना तिच्या लक्षात आलं. उजव्या बाजूनं उजवा कान दिसतो, आणि तो तर धड होता! छापाबरोबर कानाची फाटही पलीकडे गेली होती.

"कुत्रा मेलाय ना? मग कान कोण मोजतंय?" नवरा लांबेर टार्ट खात म्हणाला.

"मी मोजतेय."

"चारला येतोय तो. घेऊन जाऊ दे. तू गप्प बस."

"तू खा गुपचूप."

सेर्वे पावणेचारलाच आला. कोरणाऱ्या बाईच्याच हातून बंदूक घ्यायचा त्याचा हट्ट होता. त्यानं टोपी काढली, डावी बाजू पाहिली, बंदूक फिरवून उजवी पाहिली, आणि सोन्यावरून अंगठा फिरवत राहिला. डोळे भरले होते.

"बाई, हाच तो. अस्साच धावायचा."

लांबेरनं बायकोकडे डोळे वटारले. ती शेगड्याला एक वळसा घालून आली.

"कान चुकलाय, साहेब."

"काय?"

"उजवा. तो धड हवा होता. मी फाडला."

म्हाताऱ्यानं चष्मा लावला. कान निरखला. मग भडकलाच.

"सांगायची काय गरज होती? मला दिसलं नव्हतं!"

"हंगाम सुरू झाल्यावर दिसलं असतं."

"नसतं दिसलं! आता दुसरं काही दिसत नाही!"

"तेच म्हणत होतो मी," लांबेर पुटपुटला.

"पट्टी तापवून मऊ करावी लागेल," गिलेन म्हणाली. "फाटीच्या जागी पुन्हा खाच मारून सोनं भरीन. मग परत कडक करायची. त्यात वाकडी झाली तर बंदुकीला बसणार नाही."

"आणि मग?"

"मग नवी पट्टी, नवा कुत्रा. माझ्या खर्चानं."

"अकरा दिवसांनी शिकार सुरू होतेय, बाई! माझे सोबती काय म्हणतील?"

"माझं नाव सांगा. चूक माझीय."

सेर्वे बंदूक छातीशी धरून दारापर्यंत गेला. गिलेन हलली नाही. लांबेर खाता खाता थांबून तिच्याकडेच बघत राहिला. म्हातारा दारातून परतला, बंदूक टेबलावर ठेवली. ठेवली कसली, आपटलीच.

"वाकडी करू नका," एवढंच म्हणाला, आणि निरोपही न घेता टोपी विसरून गेला.

"आता टोपी नेऊन देऊ का धावत?" लांबेरनं विचारलं.

"नंतर. आधी पट्टी काढायला तो बारीक पेचकस दे."