चालू खर्चात न धरलेली बाई

मंगळवार पेठेत आमची चटणीची कांडप गिरणी. उन्हाळ्यात गिऱ्हाईक मिरची आणून देतं, आम्ही मसाला भाजून, कांदा-लसूण घालून त्याची वर्षाची चटणी करून देतो. मिरची कांडायचं यंत्र, म्हणजे डंक, वडिलांकडे, भाजायचं काम आईकडे. ती सकाळी कढईपुढं बसायची ती ऊन उतरल्यावरच उठायची.

मी घरातली पहिली बी.कॉम. शहाणपण अंगात मावत नव्हतं. दुसऱ्या डंकासाठी कर्ज काढायचं ठरलं, तेव्हा बँकेचे कागद मीच भरायला घेतले. वडिलांना समजावलं, डंक एकदाच घ्यायचा, तो खर्च वेगळा. धंदा रोज चालता ठेवायला जे जातं तो चालू खर्च. लाइट बिल, गॅस, तेल, गड्याचा पगार. आईचं काय लिहू विचारलं तर हसले. घरच्या माणसाला कसला आलाय पगार, म्हणाले. मीही हसले. खरं सांगते, ती ओळ नव्हती म्हणूनच नफा झकास दिसत होता, आणि मला तेवढंच हवं होतं.

त्याच आठवड्यात आई म्हणाली, "हाताखाली एक बाई लावा की गं. भाजताना उठणारा खकाणा छातीला सोसंना आता."

मी म्हटलं, कर्ज मंजूर होऊ दे, आत्ता खर्च वाढलेला दिसायला नको. तिनं मान डोलावली. शिकलेल्या लेकीवर भारी भरवसा तिचा. आग लागो माझ्या शिक्षणाला.

डंक आला, काम दुप्पट झालं. दिवाळीच्या आत आई गेली. छातीचं दुखणं, डॉक्टर म्हणाले, फार उशिरा आणलंत.

यंदा भाजायला बाई ठेवली. दुसऱ्याच दिवशी तिनं झारा खाली ठेवला, एकटीचं काम न्हाय म्हणाली. आणखी एक आणली. दोघींचा पगार धरला आणि नफा उरलाच नाही. तो कधी नव्हताच. इतकी वर्षं आम्ही आईच्या जिवावर जेवत होतो.

काल त्यातल्या एकीला खोकल्याची ढास लागली. वडिलांनी स्वतः पाणी दिलं, जरा भाईर वाऱ्याला बसा म्हणाले. पाणी पिऊन तिनं विचारलं, "मामा, आधी हितं किती बायका हुत्या?"

"एकच."

"तिला पगार किती देत हुता?"

वडील आत गेले. ती माझ्याकडं बघत राहिली.

"काय न्हाय," मी म्हटलं. "आई हुती माझी."