जिल्हा झाला, गोल नाही

आमच्या फुटबॉल क्लबचा जेवढा अपमान संपादकांनी केला, तेवढा सगळ्या विरुद्ध संघांना मिळूनही जमला नाही. शिवाय संपादकांनी तो सुवाच्य अक्षरात केला. लातूरच्या आमच्या चौकात वाचनालयाबाहेर एक काळा फळा टांगलेला असे आणि त्यावर रोज संध्याकाळी खडूने लिहिणारा माणूस म्हणजे संपादक. ते कुठल्याही वर्तमानपत्राचे संपादक नव्हते, जकात नाक्यावर कारकून होते. दिवसभर मालट्रकवाल्यांच्या पावत्या फाडायच्या आणि ड्यूटी संपली की चौकात सायकल लावून फळा भरायचा, हा त्यांचा नेम. वर सुविचार, मधे गावच्या बातम्या, आणि सामना झाला असेल त्या दिवशी खाली आमची अब्रू.

आमची म्हणजे पाठीराख्यांची. आम्ही नववी-दहावीतली सात-आठ पोरं होतो आणि बॉलला नीट लाथ मारता येणारा आमच्यात एकही नव्हता. खेळायचे ते बाजारातले हमाल, एक शिंपी आणि गॅरेजमधले दोघं. दिवसभर पोती वाहून आलेल्या त्या माणसांना आम्ही काठावरून 'पळ की रे' म्हणून ओरडायचो. एक हलगी होती, ती वाजवता येत नसतानाही वाजवायचो. हरलो की रेफ्री विकला गेलाय असं ठरवून चहा प्यायला जायचो. आज आठवलं की स्वतःचीच कीव येते, पण तेव्हा वाटायचं, क्लब आमच्याच खांद्यावर उभा आहे.

त्यात लातूरचा जिल्हा झाला. दुकानांच्या पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' खरवडून तिथे 'जि. लातूर' लिहिण्यात गावातले पेंटर गुंतले होते आणि आमची छाती विनाकारण फुगली होती. आता आपला क्लब म्हणजे जिल्ह्याचा संघ, असं आम्हीच जाहीर करून टाकलं. त्यानंतरच्या पहिल्याच सामन्यात नांदेडवाल्यांनी पाच गोल चढवले. संध्याकाळी फळ्यावर एकच ओळ होती: 'जिल्हा झाला. गोल अजून झालेला नाही.' पुढे शेजारच्या मुरुडकडूनही हरलो, तेव्हा त्यांनी लिहिलं: 'आपल्या संघाने यापुढे मुरुडला फक्त बाजाराच्या दिवशी जावे, म्हणजे फेरी वाया जाणार नाही.' लोक सायकल थांबवून वाचायचे, हसायचे आणि पुढे जायचे. आम्ही पानटपरीमागे उभे राहून दात-ओठ खायचो.

एवढा तिटकारा असलेल्या माणसाने मैदानावर फिरकू नये, अशी कुणाचीही अपेक्षा असेल. संपादक मात्र एकही सामना चुकवत नसत. काळी छत्री उघडून आमच्याच गोलमागे मातीत बसायचे. मी एकदा विचारलं, "संपादक, तिकडं नांदेडच्या गोलमागं बसा की. आपले गोल दिसतील."

"खेळ हितंच होतो, लेकरा," ते म्हणाले. "बाकीचं अर्धं मैदान आपल्या काय कामाचं न्हाई. तिथं शेळ्या बांधाव्या."

टाळी वाजवताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. कुणी चांगला पास दिला तर म्हणत, "चुकून झालं आसंल." स्वतः त्यांनी बॉलला कधी पाय लावलेला नव्हता. तरी नांदेडला सामना असला की रजा टाकून, स्वतःचं तिकीट काढून ते यष्टीने यायचे. येताना आमच्या पुढच्या सीटवर बसून तासन्‌तास आमची उणीदुणी काढायचे. मला त्यांचा भयंकर राग यायचा. एवढा कडू माणूस गावाने सहन तरी का करावा, असं वाटायचं.

एकदा आम्ही सगळे मिळून त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, एकदा तरी चार बरे शब्द लिहा, खेळणाऱ्यांना हुरूप येईल. संपादकांनी खडूने माखलेले हात झटकले. "माझ्या आज्याला शाळेच्या फळ्याजवळ बसू देत नव्हते. बाहीर वट्ट्यावर बसून त्यानं ऐकलं तेवढंच. मी त्याचा नातू, आन् भर चौकात फळ्यावर लिव्हतो. हितं मी खोटं लिव्हीत नसतो. जिंका, लिव्हतो की." आम्ही उठून आलो. आज्याचा आणि फुटबॉलचा काय संबंध, यावर वाटेत आम्ही बरेच विनोद केले.

मग दुष्काळाची ती वर्षं आली. पाऊस गेला, नळ गेले, बोअर आटले आणि टँकर आले. कोणत्या गल्लीत टँकर किती वाजता येणार, याची यादी नाक्यावर मिळे. संपादक ती रोज फळ्यावर उतरवून काढू लागले. यादी वाढत गेली, तसा सुविचार गेला, बातम्या गेल्या, आणि आमची अब्रू तळाच्या चार बोटांच्या पट्टीत आली. दाळ मिल संध्याकाळी सुटे. तिथल्या बाया घरी जाताना फळ्यापुढे थांबत. ज्या दोघी-तिघींना वाचता येई त्या मोठ्याने वाचत, बाकीच्या आपल्या गल्लीची वेळ ऐकून घेत. हे आम्ही रोज पाहत होतो. पण माझे वडील शाळेत गुरुजी होते आणि आमच्या घरी आड होता. दुष्काळातही त्याला पुरुषभर पाणी होतं, त्यामुळे त्या यादीशी माझं काही देणंघेणं नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात, भर धुळीत, आमच्या मैदानावर आम्ही नांदेडला हरवलं. दोन-एक. आमचे दोन्ही गोल पार पलीकडच्या टोकाला झाले आणि आमच्याच गोलमागे बसलेल्या संपादकांना त्यातलं धड काहीच दिसलं नाही. शिट्टी झाली तेव्हा ते छत्री मिटायची विसरून उभे होते. आम्ही नाचत त्यांच्याकडे गेलो. "चला संपादक, लिहा आता!"

चौकात आलो तर फळा काठोकाठ भरलेला. एक टँकर नादुरुस्त झाला होता, म्हणून सगळ्या गल्ल्यांच्या वेळा बदलल्या होत्या आणि ती नवी यादी संपादक दुपारीच लिहून गेले होते. तळाची पट्टीसुद्धा उरलेली नव्हती.

"पुसा की थोडं," मी म्हणालो.

"ते पाणी हाय," संपादक म्हणाले. "तुमचा नुसता गोल हाय. उद्या टँकर येऊन जाऊ द्या, मंग आख्खा फळा देतो तुमाला. एवढी वर्सं थांबलो मी, तुमाला एक रात निघत न्हाई व्हय?" आणि ते सायकलवर बसून घरी गेले.

आम्हाला एक रात्र निघाली नाही. पुसलं मी. अंगातला शर्ट काढून फळा वरपासून खालपर्यंत पुसला आणि वीतभर अक्षरात लिहिलं: 'लातूर २, नांदेड १. नव्या जिल्ह्याचा विजय असो.' पोरांनी हलगी बडवली. मिल सुटायला अजून अर्धा तास होता. बाया आल्या, फळ्यापुढे थांबल्या. वाचणारीने वाचून पाहिलं, बाकीच्यांना काहीतरी सांगितलं आणि त्या निघून गेल्या. यादी नाही म्हणजे वेळ जुनीच, असं त्यांनी धरलं. आम्ही तेव्हा गोल कसा झाला ते एकमेकांना सातव्यांदा सांगत होतो.

मिलमागच्या गल्लीत टँकर रोज संध्याकाळी यायचा. नव्या यादीप्रमाणे तो सकाळी आठला आला. बाया मिलमध्ये, पिंपं घरात, गल्लीच्या तोंडाशी एक रिकामा डबासुद्धा नाही. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, दोन म्हाताऱ्यांनी घागरी भरून घेतल्या, आणि टँकर पुढच्या गल्लीत गेला. एक टँकर बंद, त्यामुळे पुन्हा पाळी तीन दिवसांनी होती.

संध्याकाळी संपादक आमच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. आईने आत बोलावलं, ते आले नाहीत. मला वाटलं, आता सगळ्या गावाला ऐकू जाईल असं काहीतरी बोलतील. त्यांनी एवढंच विचारलं, "आडाला पाणी हाय ना?"

"आहे."

"मंग वढा."

सगळी टोळी बोलावून घेतली. आमच्या गोलकीपरने, तो हमालच होता, बाजारातून हातगाडी आणली. आम्ही पाणी ओढत होतो, पिंपं भरत होतो आणि मिलमागच्या गल्लीत घरोघरी ओतत होतो. हाताची सालटी निघाली. संपादक हातगाडीमागून सायकल हातात धरून चालत होते. शेवटच्या घरात एक म्हातारी होती. तिची घागर मी भरून दिली. तिने पदराने तोंड पुसलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "जिंकलाव म्हनं. कोनाला हरवलाव, बाबा?"

मी हातगाडीकडे वळलो. आजही ते वाक्य आठवलं की मान खाली जाते.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर यादी परत आली. त्यानंतर संपादकांनी आम्हाला एकही शिवी दिली नाही. सामन्याला ते येत, छत्री उघडून बसत, आणि संध्याकाळी तळाच्या पट्टीत लिहीत: 'नांदेड ४, लातूर ०.' बस्स. आकड्यांपुढे पूर्णविराम. आम्ही फळ्यापुढे उभे राहून पुढच्या ओळीची वाट पाहायचो आणि ती यायची नाही. लोकही थांबेनासे झाले. एका सामन्यात आमच्या शिंप्याने स्वतःच्याच गोलमध्ये बॉल घातला. एवढी सोन्यासारखी संधी, पण फळ्यावर फक्त आकडे. तेव्हा कळलं की इतकी वर्षं या गावात आमची दखल घेणारा एकच माणूस होता आणि तोही आम्ही घालवला. मी नाक्यावर जाऊन म्हणालो, "संपादक, काहीतरी लिहा की हो."

"निकाल लिव्हला की," ते म्हणाले आणि पावती फाडायला लागले.

पुढे मला नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला. जाण्याआधी निरोप घ्यायला नाक्यावर जावं, असं चारदा ठरवलं आणि चारदा टाळलं. तोंड कोणतं दाखवणार होतो? निघालो त्या सकाळी यष्टीत खिडकीशी बसलो होतो. चौकात पुढे बैलगाडी आडवी आली म्हणून बस थांबली, ती नेमकी फळ्यासमोर. सकाळच्या वेळी फळ्यावर नवं काही कधी नसे. आज होतं. यादी जशीच्या तशी होती, आणि तळाच्या पट्टीत, बारीक पण सुवाच्य अक्षरात:

'गुरुजींचे चिरंजीव आज इंजिनियरिंग शिकण्यास विष्णुपुरी येथे जात आहेत. तेथे गोदावरीवर धरणाचे काम चालू आहे. संबंधितांनी पाण्यावर लक्ष ठेवावे.'

मी हसलो आणि हसता हसता रडायला लागलो. आजूबाजूला पाहिलं, संपादक कुठे दिसले नाहीत. नाक्यावर पोचायची त्यांची वेळ झाली असणार. बैलगाडी सरकली, बस निघाली. शेजारी उदगीरकडच्या एक मावशी बसल्या होत्या. त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग मागे राहिलेल्या फळ्याकडे पाहिलं.

"नाव आलं व्हय रे तुजं फळ्यावर?" त्यांनी विचारलं. "पास झालास?"

"हाव," मी म्हणालो.