तुळसाबाईंनी हुंगलेला शर्ट

नागपूरच्या जरीपटक्यातल्या एका खासगी दवाखान्यात तुळसाबाई बावीस वर्षं आया आहेत. तातडीच्या खोलीत आलेल्या माणसाचे कपडे उतरवायचे, गाठोडं बांधून नातेवाइकांच्या हाती द्यायचं, हे त्यांचं काम. बांधण्याआधी त्या कपडे हुंगतात. मोहाची दारू, रॉकेल, कीटकनाशक, बरंच कळतं. डॉक्टर हसतात.

मे महिन्यातल्या एका दुपारी उन्मेषला आणलं. मौद्याच्या कारखान्यात तो कंत्राटावर वेल्डर. ओकत होता, हातपाय झाडत होता.

"ऊन लागलं जी त्याइले," बायको मयुरा म्हणाली. "पन्हं पाजलं, तळपायाले कांदा चोळला."

मे महिन्यात नागपुरात माणूस पडला की ऊनच लागलेलं असतं. डॉक्टर श्वेतांनी सलाईन लावलं. अंग फारसं तापलेलं नव्हतं, म्हणून लघवीत गांजा आहे का तेही पट्टीवर पाहिलं. नव्हता. तासाभरात उन्मेष निवांत पडला.

"बाटली संपली की घरी न्या," डॉक्टर म्हणाल्या.

तुळसाबाईंनी शर्ट हुंगला. "काहून वं, नेलपॉलिश पुसायचं पाणी सांडलं का यावर?"

"मी नेलपॉलिश लावत नाही." मयुरानं उजवी मूठ आवळून पदराआड नेली.

"मंग नवरा लावते का? मूठ उघड."

"नाही."

"उघड वं."

"खिशातली पुडी कोनी पाहिली तं त्याइची नोकरी जाईन, मावशी! ठेकेदार लघवी तपासते. हे हर्बल हाय म्हणे, टेस्टमधी येत नाही."

"आन् हा घरी जाऊन मेला, तं वेल्डिंग तू करशीन?"

मूठ उघडली. चकचकीत पुडी, आत सुका पाला. वर छापलेलं: सुगंधी धूप, खाण्यासाठी नाही.

डॉक्टरांनी पुडी उलटीपालटी केली. "पाला साधाच असतो. नेलपॉलिश पुसायच्या पाण्यासारख्या द्रवात रसायन विरघळवून त्यावर फवारतात. गांजाची नक्कल, पण त्याहून कितीतरी जहाल. एका चिमटीत थोडं, दुसरीत दहापट. आपल्या पट्टीला ते दिसत नाही."

"याचं औषध?" मयुरानं विचारलं.

"उतारा नाही. नजर ठेवायची."

घरी न्यायचं रद्द झालं. छातीला वायरी लागल्या. चार वाजता उन्मेषला झटका आला. दातखीळ बसली, खाट हलली. इंजेक्शन भरून ठेवलेलं होतं. ते दिल्यावर झटका दोन मिनिटांत थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं डोळे उघडले.

"पुडी कुठं हाय?"

"डॉक्टरीणबाईले देल्ली."

"पागल झाली का तू?" तो भिंतीकडे वळला.

"तिकडंच पाहा," मयुरा म्हणाली. "पण पाणी पिऊन घ्या."